स्टॅफाचा दगड आणि मेंडेलसोनचा समुद्र

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे, मल या मोठ्या बेटाच्याही पश्चिमेला साधारण दहा किलोमीटरवर, स्टॅफा नावाचं एक निर्मनुष्य बेट आहे. लांबी जेमतेम एक किलोमीटर, रुंदी त्याच्या निम्मी, आणि सर्वांत उंच जागा समुद्रापासून ४२ मीटर. तिथे वस्ती नाही, दुकान नाही, पावसात उभं राहायला आडोसाही नाही. तरी गेली अडीचशे वर्षं लोक बोटीत बसून तिथे जात आहेत. बेटाच्या दक्षिण टोकाला 'फिंगलची गुहा' आहे. ती पाहायला येणाऱ्यांतले कितीतरी जण फेलिक्स मेंडेलसोन या जर्मन संगीतकाराची 'हेब्रिडीज' ही रचना ऐकून आलेले असतात. हेब्रिडीज म्हणजे स्टॅफा आणि मल ज्यात येतात तो या किनाऱ्यापलीकडचा द्वीपसमूह.

या रचनेची एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. वीस वर्षांचा मेंडेलसोन गुहेत शिरला, लाटांचा घुमणारा नाद त्याने ऐकला आणि तिथल्या तिथे त्याला ती सुरावट सुचली. गोष्ट सुंदर आहे, पण तारखा तिला साथ देत नाहीत. ती सुरावट त्याने ७ ऑगस्ट १८२९ च्या संध्याकाळी मल बेटावरच्या टोबरमोरी गावातून घरी लिहिलेल्या पत्रात उतरवली. स्टॅफाला तो गेला दुसऱ्या दिवशी, ८ ऑगस्टला. म्हणजे गुहा पाहण्याआधीच सुरावट कागदावर होती.

मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. स्टॅफाला जाऊन नेमकं काय पाहायचं आणि काय ऐकायचं, हे त्यावरून ठरतं. गुहा अद्भुत आहेच, आणि ती कशी झाली हे मी पुढे सविस्तर सांगणार आहे. पण मेंडेलसोनच्या संगीतातला प्रदेश शोधत असाल, तर तो गुहेच्या कितीतरी आधी, ओबन बंदरातून बोट सुटते तिथूनच सुरू होतो.

बर्लिनचा तरुण हेब्रिडीजमध्ये कसा पोचला

मेंडेलसोनचा जन्म १८०९ चा, हॅम्बुर्गचा. वाढला बर्लिनमध्ये, सधन आणि सुशिक्षित घरात. मार्च १८२९ मध्ये त्याने बर्लिनमध्ये योहान सेबास्टियन बाखच्या 'सेंट मॅथ्यू पॅशन' या भव्य रचनेचा प्रयोग स्वतःच्या दिग्दर्शनाखाली केला. ती रचना तोवर लोकांच्या विस्मरणात गेली होती. या प्रयोगानंतर बाखकडे नव्याने पाहिलं जाऊ लागलं. एवढं काम करून हा मुलगा लंडनला गेला आणि तिथला संगीताचा हंगाम संपल्यावर कार्ल क्लिंगेमान या मित्राबरोबर स्कॉटलंडच्या सहलीला निघाला. क्लिंगेमान हॅनोव्हर या जर्मन राज्याच्या लंडनमधल्या वकिलातीत नोकरीला होता आणि कविताही लिहायचा.

स्कॉटलंडच का? त्या काळात युरोपातल्या तरुणांना स्कॉटलंडने वेड लावलं होतं. जेम्स मॅकफरसन नावाच्या स्कॉटिश लेखकाने १७६० च्या दशकात काही काव्यं प्रसिद्ध केली. ओसियन नावाच्या प्राचीन कवीची गेलिक भाषेतली काव्यं आपण इंग्रजीत आणली आहेत, असा त्याचा दावा होता. त्यांत फिंगल हा वीर राजा होता, धुकं होतं, वादळं होती, पडके किल्ले आणि हरलेल्या लढाया होत्या. यातलं पुष्कळसं मॅकफरसनने स्वतःच रचलं आहे असा संशय लगेच व्यक्त झाला आणि पुढे तो बळावत गेला. पण तोवर ही काव्यं सगळ्या युरोपात पसरली होती; नेपोलियनही त्यांचा चाहता होता. त्यामुळे १७७२ मध्ये जोसेफ बँक्स हा इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ आइसलँडला जाताना वाटेत स्टॅफावर उतरला आणि त्याने या गुहेचं वर्णन जगापुढे ठेवलं, तेव्हा तिला चिकटलेलं फिंगलचं नाव वाचकांच्या आधीच ओळखीचं होतं. माणसाने बांधलेले प्रासाद आणि कॅथीड्रल या निसर्गाच्या कामापुढे खेळण्यांसारखे आहेत, अशा अर्थाचं बँक्सने लिहिलं. मग रीघ लागली. वॉल्टर स्कॉट आला, कीट्स आला, पुढे वर्ड्सवर्थ, राणी व्हिक्टोरिया, ज्यूल व्हर्न असे कितीतरी येऊन गेले. बेटावरची उरलीसुरली वस्ती मात्र १८०० च्या सुमारास संपली होती.

१८२९ पर्यंत या बाजूला वाफेच्या बोटी सुरू झाल्या होत्या आणि स्टॅफा आणि जवळचं आयोना बेट ही पर्यटकांची ठरलेली फेरी झाली होती. म्हणजे मेंडेलसोन काही अज्ञात बेटाच्या शोधात निघाला नव्हता. तो गर्दीच्या वाटेवरचाच प्रवासी होता.

७ ऑगस्टला दोघे ओबनला होते. मेंडेलसोनचा चित्रकलेचा हातही उत्तम होता. त्या दिवशी त्याने पेन्सिलीने ओबनजवळच्या डनॉली किल्ल्याचं आणि पलीकडे दिसणाऱ्या समुद्राचं, मलच्या डोंगरांचं रेखाचित्र काढलं. पुढे एक मोठं झाड, मागे पाणी, त्यामागे बेटं. मग बोटीने टोबरमोरी गाठलं आणि रात्री घरच्यांना पत्र लिहिलं. हेब्रिडीजचा आपल्यावर किती विलक्षण परिणाम झाला हे तुम्हाला कळावं म्हणून इथे मला जे सुचलं ते लिहितो, एवढंच म्हणून त्याखाली त्याने २१ मात्राखंडांची (मात्राखंड म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट) सुरावट लिहिली. कोणत्या वाद्यावर काय वाजेल याच्या खुणाही त्यात आहेत.

दुसऱ्या दिवशी समुद्र खवळलेला होता. मेंडेलसोनला बोट लागली. क्लिंगेमानने पुढच्या पत्रात मित्राची थोडी थट्टा केली आहे: याचं समुद्राशी कलावंत म्हणून जितकं जमतं तितकं पोट असलेला माणूस म्हणून जमत नाही. गुहेचं वर्णनही आपल्यापर्यंत पोचलं ते क्लिंगेमानचंच. छोट्या होड्यांत बसवून, फुसफुसणाऱ्या पाण्याने उचलून त्यांना खांबांच्या थोटकांवर सोडलं. आत एखाद्या प्रचंड ऑर्गनच्या पोटात शिरल्यासारखं वाटलं. सगळं काळं, घुमणारं, कुणासाठीही नसलेलं, आणि आत-बाहेर सगळीकडे करडा समुद्र.

हे खांब कुणी घडवले?

स्टॅफाच्या दक्षिण कड्याकडे बोटीतून पाहिलं की तीन थर स्पष्ट दिसतात. तळाशी तपकिरी, भुसभुशीत वाटणारा थर: ज्वालामुखीची राख दाबून झालेला दगड. त्यावर ताठ उभे, रेखीव, बहुतेक सहा बाजूंचे काळे खांब. आणि वर वेडावाकडा, गुंतागुंतीचा, बारीक फुटलेला दगड. मधल्या थराकडे पाहून हे माणसाचं काम नाही यावर विश्वास बसत नाही. पण हे सगळं थंड होण्याने घडलेलं आहे.

सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वी ग्रीनलँड आणि युरोप एकमेकांपासून दूर सरकायला लागले होते. उत्तर अटलांटिक महासागर उघडत होता आणि जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा वर येत होता. मल बेटावर मोठा ज्वालामुखी होता. त्या काळच्या लाव्हाच्या थरांचा एक तुकडा म्हणजे आजचा स्टॅफा. महाराष्ट्राच्या वाचकाला ही भाषा परकी वाटायला नको. आपलं दख्खनचं पठार असंच, पण त्याहून थोडं आधी, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, भेगांतून वाहिलेल्या लाव्हाचं बनलेलं आहे. सह्याद्रीचा कातळ आणि स्टॅफाचा कातळ, दोन्ही बेसॉल्टच. आणि असे खांब आपल्याकडेही आहेत. मुंबईत अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल ही सुमारे ६० मीटर उंचीची टेकडी म्हणजे अशाच उभ्या खांबांची जुडी आहे. तिच्या माथ्यावर गावदेवीचं देऊळ आहे आणि चारी बाजूंनी इमारती तिला भिडल्या आहेत. कोल्हापूर जिल्ह्यात पन्हाळा तालुक्यातल्या बांदिवडे इथेही असे खांब पाहायला मिळतात. स्टॅफाला जाण्याआधी यांतलं एक ठिकाण पाहून घेतलंत, तर तिथे पोचल्यावर डोळे तयार असतील.

आता खांब होतात कसे? वाहून आलेला लाव्हा एका जागी साचला की वरून हवेकडे आणि खालून जमिनीकडे उष्णता सोडू लागतो. थंड होताना तो घट्ट होतो आणि आकसतो. सगळा थर आत ओढला जायला पाहतो, पण तो इतका पसरलेला असतो की एकसंध राहून आकसणं शक्य नसतं. म्हणून तो तडकतो. उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या गाळाला भेगा पडून चौकटी होतात, तिथेही हेच कारण असतं. गाळातून पाणी जातं, लाव्हातून उष्णता जाते.

मात्र गाळाच्या भेगा पहिल्यांदा वाळताना बहुधा काटकोनात भेटतात. पहिली भेग पडली की तिच्या आडव्या दिशेचा ताण निघून जातो, म्हणून दुसरी भेग तिला काटकोनात येऊन मिळते. लाव्हाच्याही अगदी पृष्ठभागावर असंच होतं. फरक पडतो तो खोलीत. लाव्हा आत आत थंड होत जातो तसतशी भेग एकदम न जाता टप्प्याटप्प्याने पुढे सरकते: थोडी चिरते, थांबते, आणखी थंड झाल्यावर पुन्हा थोडी चिरते. प्रत्येक टप्प्याला तिला आपली जागा किंचित सुधारून घ्यायची संधी मिळते. अनेक टप्प्यांनंतर भेगा अशा रचनेकडे झुकतात जिथे ताण सर्व बाजूंना सारखा वाटला जातो. तीन भेगा एका बिंदूत भेटल्या आणि तिन्ही कोन सारखे असले, तर प्रत्येक कोन १२० अंशांचा होतो. आणि ज्याचे सगळे कोन १२० अंशांचे आहेत अशी आकृती षट्कोनच असते. निसर्गाला षट्कोनाची आवड वगैरे काही नाही. ताण समान वाटला गेला की उरते ती आकृती षट्कोनाची असते. प्रत्यक्षात हे समाधान कधी पूर्ण होत नाही, म्हणून स्टॅफावर पाच आणि सात बाजूंचे खांबही पुष्कळ सापडतात.

भेगेच्या या टप्प्यांचा पुरावा खांबांवरच कोरलेला आहे. खांबाच्या बाजूकडे जवळून पाहिलं तर आडवे पट्टे दिसतात, एकावर एक. एकेक पट्टा म्हणजे भेगेची एकेक उडी. गुहेकडे जाताना लोक खांबांचे माथे मोजत असतात. मी म्हणेन, बाजू पाहा. दगड थंड होतानाचा इतिहास तिथे आहे.

खांब किती जाड होणार हे थंड होण्याच्या वेगावर ठरतं. सावकाश थंड झालं तर जाड खांब, झपाट्याने थंड झालं तर बारीक. टोरोंटो विद्यापीठातल्या संशोधकांनी हे प्रयोगशाळेत मक्याच्या पिठावर अभ्यासलं. कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून दिव्याखाली सावकाश वाळवलं, तर आत काही मिलिमीटर जाडीचे इवलेसे खांब तयार होतात. घरीसुद्धा करून पाहता येतं: पीठ आणि पाणी साधारण सारखं घेऊन भांड्यात ओतायचं, वर बल्ब लावून ठेवायचा, पूर्ण वाळू द्यायचं आणि मग गठ्ठा हलक्या हाताने फोडायचा. वरच्या पृष्ठभागावर मोठ्या, ओबडधोबड भेगा दिसतील. आत मात्र खांब.

लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये आणखी एका प्रश्नाचं उत्तर दिलं: दगड किती गरम असताना तडकतो? बेसॉल्ट साधारण ९८० अंश सेल्सिअसला पूर्ण घट्ट होतो. त्यांच्या प्रयोगांत खांबांच्या भेगा ८४० ते ८९० अंशांच्या दरम्यान पडल्याचं दिसलं. म्हणजे ज्या रेखीव खांबांवर प्रवासी बसून फोटो काढतात, त्यांचा आकार तो दगड तापून लालबुंद असतानाच ठरून गेला होता.

मग वरचा थर इतका विस्कटलेला का? खालचा भाग जमिनीकडे संथपणे उष्णता सोडत होता. वरून मात्र पाणी आलं, पावसाचं किंवा ओढ्या-नदीचं. ते भेगांत शिरलं, उकळलं, वाफ होऊन वर गेलं आणि उष्णता घेऊन गेलं. थंडावा वेगवेगळ्या दिशांनी, घाईने आत घुसला आणि त्या सगळ्या दिशांनी बारीक भेगा पडल्या. भेग नेहमी थंड होणाऱ्या पृष्ठभागाला काटकोनात आत जाते. जिथे तो पृष्ठभाग सपाट होता तिथे खांब ताठ उभे आहेत. जिथे वाकडा होता तिथे खांबही वाकले. बोट जिथे लागते तिथल्या शिंपल्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या छोट्या गुहेत असे वाकलेले खांब आहेत. शेजारीच पाण्यात एक लहानसा सुळका उभा आहे, त्याचं गेलिक नाव 'गुराखी' अशा अर्थाचं आहे. त्याच्यावर खांब चक्क आडवे-तिरके पडलेले दिसतात.

गुहा पुष्कळ नंतरची. ती समुद्राने पोखरली. लाटेचं पाणी भेगेत घुसतं, अडकलेली हवा दाबते, लाट मागे हटली की दाब सुटतो. हे हजारो वर्षं चाललं की खांब तळापासून सैल होऊन निखळतात. खांब मुळातच एकमेकांपासून सुटे असल्याने समुद्राचं काम सोपं झालं. आज गुहा सत्तर मीटरच्या आसपास खोल आणि वीस मीटरहून उंच आहे. आतलं छत म्हणजे तुटलेल्या खांबांची वरची टोकं. आम्हा मराठी लोकांची गुहेची कल्पना अजिंठा-वेरूळ-घारापुरी पाहून तयार झालेली असते. त्याच जातीच्या कातळातली ती लेणी छिन्नीची. इथे मात्र माणसाचा हात लागलेला नाही, आणि हे डोळ्यांनी पाहूनही मनाला पटायला वेळ लागतो.

आवाजाचं कारणही याच रचनेत आहे. बेसॉल्ट कठीण आणि गुळगुळीत, तो आवाज शोषत नाही, परत फेकतो. गुहेचा तळ पाण्याखाली आहे, त्यामुळे प्रत्येक लाट थेट आत जाते, मागच्या टोकाला हवा कोंडते आणि एक खोल धमाका होतो. तो उंच छताखाली घुमत राहतो, तोवर पुढची लाट येते. समुद्र शांत असेल तर नुसता श्वास चालल्यासारखा आवाज. खवळलेला असेल तर छातीत जाणवणारा.

मग संगीतात काय आहे?

'हेब्रिडीज' ही ओव्हर्चर आहे. ओव्हर्चर म्हणजे मुळात ऑपेराच्या आधी वाजणारं वाद्यसंगीत. पण मेंडेलसोनच्या या ओव्हर्चरमागे कुठलाही ऑपेरा नाही, कथाही नाही. ती स्वतंत्रपणे मैफलीत वाजवायची. वाद्यवृंदही फार मोठा नाही: व्हायोलिनपासून डबल बासपर्यंतची तंतुवाद्यं, बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बसून, हॉर्न, ट्रम्पेट यांची एकेक जोडी, आणि टिंपनी हे मोठे नगारे. लांबी साधारण दहा मिनिटं.

सुरुवात व्हायोला, चेलो आणि बसून या खर्जाकडच्या वाद्यांनी होते. एक छोटीशी स्वराकृती, एका मात्राखंडाएवढी, वरून खाली उतरणारी. ती तशीच परत येते. मग तीच वरच्या जागेवरून, दोनदा. मग आणखी वरून, दोनदा. वर व्हायोलिन लांब स्वर धरून आहेत. बस, एवढंच. गाण्यासारखी पूर्ण चाल अजून आलेलीच नाही, पण दहा सेकंदांत समुद्र समोर उभा राहतो.

हे कसं होतं? हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्याला ते चटकन समजेल. आपल्याकडे षड्ज एकदा लागला की मैफल संपेपर्यंत तो जागचा हलत नाही. तानपुरा ती जमीन धरून ठेवतो आणि गाणं तिच्यावर फिरतं. इथे वरची आकृती जवळजवळ तीच राहते आणि तिच्याखालचा आधारच दर दोन मात्राखंडांनी सरकतो. पहिल्यांदा बी मायनर, मग डी मेजर, मग एफ शार्प मायनर. उदास, मग उजळ, मग पुन्हा उदास, पण दर वेळी पातळी वेगळी. कान एका जागी टेकतो न टेकतो तोच तळ उचलला जातो. बोटीत उभं राहिल्यावर पायांना जे जाणवतं तेच कानांना होतं. ही युक्ती त्याच पहिल्या पत्रात आहे, आणि म्हणून मला वाटतं की ती बोटीवरच्या माणसाची आहे, गुहेतल्या माणसाची नव्हे.

पुढे चेलो आणि बसून एक लांब, वर वर चढत जाणारी चाल घेतात. ही दुसरी मुख्य सुरावट, डी मेजरमधली. डॉनल्ड टोवी या नामवंत ब्रिटिश संगीत-समीक्षकाने ती मेंडेलसोनने रचलेली सर्वांत थोर सुरावट मानली. तिच्यात मोकळं आभाळ आहे. मग मधला भाग येतो, जिथे पहिल्या आकृतीचे तुकडे वेगवेगळी वाद्यं एकमेकांकडे फेकतात, दूरवर तुताऱ्या वाजल्यासारखं वाटतं आणि वादळ जमत जातं. परत आल्यावर ती मोठी चाल आता क्लॅरिनेटवर, अगदी शांत, जवळजवळ एकटी. मला हा संपूर्ण रचनेतला सर्वांत हृद्य क्षण वाटतो. शेवटी पुन्हा वादळ, आणि मग अचानक पहिली आकृती कुजबुजत, बासरीची एक चढती रेघ, तंतुवाद्यांवर बोटांनी छेडलेले दोन-चार स्वर, आणि संपलं.

सुरावट एका संध्याकाळी सुचली हे खरं, पण रचना पुरी व्हायला जवळजवळ तीन वर्षं लागली. पहिली पूर्ण आवृत्ती त्याने डिसेंबर १८३० मध्ये, तीही रोममध्ये, लिहिली. एकदा नाव दिलं 'एकाकी बेट'. जानेवारी १८३२ मध्ये पॅरिसहून त्याने बहिणीला, फॅनीला, लिहिलं की मधला भाग अजून जमलेला नाही. त्याला मासळीचं तेल, समुद्रपक्षी आणि खारवलेलं कॉड यांच्यापेक्षा काउंटरपॉइंटचाच, म्हणजे सुरावटी एकमेकींत गुंफण्याच्या शास्त्राचाच, वास जास्त येतो. फॅनी स्वतः ताकदीची संगीतकार होती, त्यामुळे ही तक्रार योग्य ठिकाणी पोचली. हे वाक्य मला फार आवडतं, कारण कारागिरी बिनचूक असूनही त्याचं समाधान झालं नव्हतं. त्याला किनाऱ्याचा वास हवा होता.

१४ मे १८३२ ला लंडनमध्ये फिलहार्मॉनिक सोसायटीने ती पहिल्यांदा वाजवली, 'फिंगलची बेटं' अशा नावाने. त्यानंतरही जूनमध्ये त्याने आणखी बदल केले. पुढे छापील आवृत्तीवर 'फिंगलची गुहा' हे नाव आलं आणि तेच लोकांच्या तोंडी बसलं. गुहेत सुरावट सुचल्याच्या गोष्टीला या नावानेच बळ मिळालं असणार.

त्याच वर्षी, त्याच लंडनमध्ये, विल्यम टर्नर या चित्रकाराने आपलं स्टॅफाचं चित्र रॉयल अकादमीच्या प्रदर्शनात मांडलं. तो आदल्या वर्षी तिथे जाऊन आला होता. चित्राच्या नावात फिंगलची गुहा आहे, पण गुहा चित्रात शोधावी लागते. डोळ्यांत भरतात ते काळवंडलेला समुद्र, मावळता सूर्य आणि वाफेच्या बोटीचा लांबच लांब धूर. दोन वेगळ्या कलांमधली दोन मोठी माणसं, एकमेकांशी न ठरवता, गुहेचं नाव घेऊन समुद्रच रंगवतात, याला मी योगायोग म्हणणार नाही. तिथे गेलं की असंच होत असणार.

जायचं असेल तर

नेहमीची वाट अशी: ग्लासगोहून रेल्वेने ओबन, साधारण तीन तास. ओबनहून मोठ्या फेरीबोटीने मल बेटावरचं क्रेगन्यूर, पाऊण-एक तास. तिथून बसने किंवा गाडीने बेट आडवं पार करून पश्चिम टोकाचं फिनफर्ट गाव, सव्वा तास तरी. रस्ता बहुतेक ठिकाणी एकेरी आहे, समोरून गाडी आली की बाजूच्या ठरावीक जागी थांबायचं असतं. स्टॅफाच्या छोट्या बोटी फिनफर्ट आणि समोरच्या आयोना बेटावरून सुटतात. टोबरमोरी आणि मलच्या इतर बंदरांवरूनही फेऱ्या असतात. हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर. फिनफर्टहून पाऊण ते एक तासात बेट येतं आणि उतरता आलं तर साधारण तासभर मिळतो. ग्लासगोहून एका दिवसात जाऊन येण्याचा हट्ट करू नका. मलवर किंवा आयोनावर किमान एक रात्र ठेवा. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना शनिवार-रविवारचा मोह होतो, पण हवामानासाठी एक दिवस हातचा ठेवलेला बरा.

उतरता आलं तर, असं मी म्हटलं ते जाणूनबुजून. ऊन पडलेलं असलं तरी लांबून येणाऱ्या लाटा धक्क्याशी बोटीला उभं राहू देत नाहीत, आणि मग नावाडी उतरवत नाही. दरड कोसळल्यामुळे किंवा दुरुस्तीसाठी धक्का, पायऱ्या वा गुहेकडची वाट बंद असण्याचीही शक्यता असते, म्हणून तिकीट काढताना विचारून घ्यावं. वाट म्हणजे खांबांच्या तुटलेल्या माथ्यांवरून, हाताशी कठडा धरून चालणं. ओल्या बेसॉल्टवरून पाय घसरतो. चांगल्या पकडीचे बूट आणि पाऊस-वारा अडवणारा कोट हवाच. बेटावर स्वच्छतागृह नाही. १९८६ पासून बेट नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडकडे आहे आणि ते राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र आहे, म्हणून दगडाचा तुकडाही उचलू नये.

मे ते जुलै या काळात गेलात तर माथ्यावरच्या गवतात पफिन पक्षी भेटतील, केशरी-लाल चोचीचे, गुबगुबीत. ते कड्याच्या काठाशी बिळांत अंडी घालतात आणि माणसं जवळ बसली की अनेकदा निर्धास्तपणे वर येतात, कारण माणसांमुळे मोठे शिकारी पक्षी दूर राहतात. ऑगस्टमध्ये ते समुद्रावर निघून जातात. तासाभरात माथा आणि गुहा दोन्ही नीट होत नाही. मी आधी गुहेकडे जाईन. बोटीतले बहुतेक लोक तिकडेच जातात, पण काही जण पफिनकडेही धावतात, आणि थोडं थांबलं की आत दोन-चारच माणसं उरतात.

संगीत कुठे ऐकायचं? गुहेत इअरफोन लावून बसू नका. तिथला आवाज तिथेच मिळतो. 'हेब्रिडीज' आधी घरी दोन-तीनदा ऐका, आणि मग ओबनहून फेरीबोट सुटल्यावर डेकवर जाऊन ऐका. डाव्या-उजव्या बाजूला डोंगर एकामागून एक सरकत असतात, पाण्याचा रंग मिनिटामिनिटाला बदलतो, डनॉलीचा पडका किल्ला मागे पडत असतो. सुरावट लिहिण्याच्या दिवशी मेंडेलसोनच्या डोळ्यांसमोर होता तो हा टापू. आणि पुढच्या दिवशी समुद्राने स्टॅफावर उतरू दिलं नाही, बोट नुसती गुहेच्या तोंडासमोर हेलकावे खाऊन परत फिरली, तर गुहा हुकली याची हळहळ जरूर वाटेल. संगीत मात्र हुकलेलं नसेल.